खूण काठाला लागली का?

दिवाळीचा पहिला फटाका कुठेतरी वाजला की माझ्या डाव्या हाताची मूठ आपोआप मिटते. बायकोला ही खोड ठाऊक आहे, मुलांना तिची गंमत वाटते, आणि शाळेतले सहकारी मला घाबरट समजतात. तेही काही खोटे नाही. पण या मिटणाऱ्या मुठीची एक हकिगत आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. कादंबऱ्या लिहिताना हजार खोट्या गोष्टी सांगितल्या, ही एक खरी तेवढी राहून गेली.

तिला तोंड फुटले ते आमच्या चिरंजीवांमुळे. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि आमच्या घरात नेमबाजीचे वारे शिरले. परदेशात हौशी नेमबाज घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसे भरतात, हे चिरंजीवांनी कुठूनसे हुडकून काढले. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. "बाबा, आपणही करू या की!" हे त्याने अशा थाटात सांगितले की जणू घरच्या घरी आकाशकंदीलच करायचा आहे.

शेजारचे अण्णा चहाला आले होते. त्यांची सारी हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. हा कारखाना 1953 सालचा. डोंबिवलीहून गाडीने पाचवे स्टेशन. अण्णा हसले. म्हणाले, "बाळ, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे. 1959 चा कायदा आहे तसा. आणि तुझ्या त्या कुसाळेच्या काडतुसाची गंमत सांगू? त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडालं की संपलं, ते पुन्हा भरण्यासारखं नसतंच."

पण मुलाचा चेहरा पडलेला पाहून त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. त्यांनी माझे पेन घेतले, टोपण जरासे तिरके बसवले आणि ते टेबलावर गडगडवले. टोपणाचे टोक वरखाली नाचू लागले. "गोळी पुंगळीत अशी तिरकी बसली की पुढं सगळं बिघडलं. नळीच्या आत मळसूत्री आटे असतात, ते गोळीला फिरवतात. भोवऱ्याची आर मधोमध नसली तर भोवरा कसा डुगडुगतो? तशीच तिरकी शिरलेली गोळी डुगडुगत जाते. आणि तिकडं 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ किती, तर 10.4 मिलिमीटर. तुझ्या करंगळीच्या नखाएवढं."

"पण ती तिरकी का बसते?" चिरंजीव.

"पितळेची मान एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असली तर गोळी पातळ बाजूकडं सरकते. कधी दाबणारा दांडा गोळीच्या नाकावर नीट बेतलेला नसतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून काडतूस दोन टेकूंवर ठेवून हळूच फिरवायचं आणि गोळीवर घड्याळासारखी सुई टेकवायची. सुई हलली की गोळी वाकडी. आमच्या कामात 'ठीक दिसतंय' हा शब्दच चालत नसे. माप हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. आपल्याला बरं वाटावं म्हणून ते हो म्हणत नाही."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि माझी मूठ मिटली. फटाका वाजला नव्हता तरी.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात. 1988 सालच्या अश्विनात मी नऊ वर्षांचा होतो. दिवाळीच्या तोंडावर भात पोटरी सोडून पिवळे होते आणि त्याच सुमारास रानडुकरे उतरतात. तात्यांकडे, म्हणजे माझ्या काकांकडे, पीक राखण्याच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. तिला आटेही नाहीत आणि पुंगळीही नाही. सारे भरायचे ते तोंडाकडून: आधी दारू, मग काथ्या, मग गोळी, आणि गजाने ठासून ठासून ती पार तळाशी बसवायची. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार पुढे जाण्याऐवजी नळीलाच फाडतो. म्हणून आजोबांनी गजावर एक खाच पाडून ठेवली होती. गोळी तळाला बसली की खाच बरोबर नळीच्या काठाला लागे. अण्णांची सुई ती हीच. आमच्या घरी ती लाकडावर कोरलेली होती, इतकेच.

त्या रात्री तात्यांनी एक बार काढला. डुकरे पांगली आणि पुन्हा आली. तात्यांनी घाईने दुसऱ्यांदा बंदूक भरली. पहिल्या बाराची काजळी नळीत धरलेली, त्यात दवाने ओल आलेली. गोळी मध्येच अडकली असणार. बॅटरी माझ्या हातात होती. माझे काम एकच: गजावर उजेड पाडून खाच बघायची. तात्यांनी विचारले, "खूण काठाला लागली का रे?"

मी म्हटले, "लागली."

मी पाहिलेच नव्हते. माझी बॅटरी शेताकडे होती. मला डुकरे पाहायची होती.

त्या रात्रीचे अधिक वर्णन करीत नाही. दिवाळीचा अंक आहे. तात्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. कल्याणला नेईपर्यंत टेम्पोत त्यांचे डोके माझ्या आईच्या मांडीवर होते, आणि ते सारखे म्हणत होते, "घाई मी केली." मी काही बोललो नाही. त्यानंतर पस्तीसच्या वर दिवाळ्या मी काही बोललो नाही.

गेल्या भाऊबीजेला तात्या आमच्याकडे जेवायला होते. उरलेल्या तीन बोटांनी ते करंजी किती नेटकी धरतात! अण्णांचे ते वाक्य डोक्यात होतेच. मुले खाली गेल्यावर मी सारे सांगून टाकले.

तात्यांनी करंजी संपवली, हात पुसले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "उजेड शेतात पडला होता. तो मला दिसत नव्हता होय?"

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला?"

"मला हो ऐकायचं होतं," तात्या म्हणाले. "नऊ वर्षांचं पोर काय नाही म्हणणार? खरं विचारायचं असतं तर मीच वाकून बघितलं असतं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. वीस-बावीस वर्षे मी वर्गात धडा संपवून विचारीत आलो आहे, "समजलं का?" आणि साठ पोरे एका सुरात म्हणत आली आहेत, "होऽऽ सर!" त्यांतली किती जण तेव्हा शेताकडे बॅटरी धरून बसलेली असतील, देव जाणे. त्यांना दोष तरी कसा देऊ? तास संपत आलेला असतो, आणि मलाही होच ऐकायचे असते.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा मी 'समजलं का' हा प्रश्न टाकून दिला. आता एखाद्याला फळ्याशी बोलावतो आणि म्हणतो, "करून दाखव." अभ्यासक्रम जरा मागे पडतो. मुख्याध्यापक कुरकुरतात. पण खूण काठाला लागली की नाही, ते निदान मला दिसते.

मूठ मात्र अजून मिटते. यंदाही मिटेल. तात्या येणार आहेत; या वेळी करंज्यांचे ताट त्यांच्याजवळच ठेवायचे ठरले आहे.