बाहेर डोकावणारं कुसू

गेलं दीड वर्ष माझे शनिवार-रविवार भुशात चाललेत. पॅसाडीनात आम्ही १९११ सालचं एक बैठं घर घेतलं. रुंद वळचणी, पुढे खोल ओसरी, आत जिकडे तिकडे लाकूड. इथे त्याला क्राफ्ट्समन बंगलो म्हणतात. बंगला हा शब्द मूळचा आमच्याकडचा, असं शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग दुरुस्तीही तुम्हालाच जमायला हवी.

खजुरीहून निघालो तेव्हा मला खिळाही सरळ ठोकता येत नव्हता. आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात ते काम सुताराचं. मराठी घरं त्याला सुतार म्हणत, कानडी घरं बडिगेर. हाक कुठल्याही भाषेत मारा, येणार तो एकच.

आधी रंग काढला. दिवाणखान्यातल्या लाकडावर पांढऱ्या ऑइलपेंटचे पाच थर. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे खालच्या थरांत ते असणारच. म्हणून तोंडाला मास्क, जमिनीवर प्लास्टिक, आणि ओलं करून खरवडणं. भिंतीतल्या कपाटाच्या आत मात्र ब्रश पोचला नव्हता. तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला तर जुनं पॉलिश विरघळून बोळ्यावर आलं, नारिंगी आणि चिकट. म्हणजे लाख. पत्रावळीसाठी आम्ही ज्या पळसाची पानं तोडायचो, त्याच पळसावर झारखंडात लाखेचे किडे पोसतात. शंभर वर्षांपूर्वी ती लाख इथल्या कपाटात येऊन बसली होती.

मग फर्निचर. या घरात प्लायवूडचा सोफा ठेवला की पाहुण्याच्या चपला देवघरात गेल्यासारखं दिसतं. गुस्ताव स्टिकली नावाचा कारखानदार १९०१ ते १९१६ ‘द क्राफ्ट्समन’ मासिक काढत असे, आणि घरच्या घरी करता यावं म्हणून त्यात फर्निचरची रेखाटनं छापत असे. (स्वतः तो १९१५ मध्ये दिवाळखोर झाला, हे मी बायकोला उशिरा सांगितलं.) त्याच्या धर्तीवर मी ओकचा बाक करायला घेतला. ओंडका चार फाकांत चिरून, गाभ्याकडून सालीकडे फळ्या काढलेला ओक. लाकूड जास्त वाया जातं, पण फळी वाकत नाही आणि अंगावर चंदेरी पट्टे उमटतात.

या घराण्याची खूण म्हणजे सांधा लपवायचा नाही. आडव्या फळीचं कुसू पायातल्या भोकातून आरपार जाऊन पलीकडे अर्धा इंच डोकावतं, त्याला पाचर मारायची. माझी पहिली दोन कुसवं सैल बसली. तिसरं इतकं घट्ट बसलं की पायच उलला. रंग अमोनियाचा: प्लास्टिकच्या बंद तंबूत बाक आणि अमोनियाची बशी ठेवायची, ओकमधलं टॅनिन वाफेने काळवंडतं. तंबू उघडला तेव्हा नाकात शिरला तो आमच्या गोठ्याचा वास. गोठ्यातली बाभळीची मेढ अशीच काळी होती. बाभळीतही टॅनिन भरपूर असतं.

स्टिकलीच्या मागे हस्तकारागिरीची एक चळवळ होती; तिचे मूळपुरुष विलायतेतले, रस्किन आणि विल्यम मॉरिस. यंत्राने कारागिराचा हात आणि आनंद दोन्ही हिरावले, हे त्यांचं म्हणणं. १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात मॉरिसने हिंदुस्थानचंही नाव घेतलं: इंग्रजी राज्य आणि व्यापार तिथल्या कला मारताहेत. हिंदी कारागिरीचं कौतुक तिकडे पोचवणाऱ्यांत मोठं नाव जॉर्ज बर्डवुडचं, जन्म १८३२, बेळगाव. त्याच्या १८८० सालच्या पुस्तकात गावचा कारागीर पिढीजात कामात रमलेला, समाधानी दिसतो. मला त्या चित्राचा राग येतो. आमच्या सुताराला खळ्यावर वर्षाचं धान्य मिळे आणि ओसरीवर घोंगडी मिळे. जाजमावर त्याला कुणी बोलावलं नाही. तो काम सोडून दुसरं काही करू शकला असता का, हे बर्डवुडने विचारलं नाही आणि आम्हीही नाही. माझ्या हाताला फोड आला तर मी फोटो काढतो. सोमवारी मला ऑफिस आहे.

खजुरीतला आमचा वाडा खणांचा होता. सागवानी खांब, तुळया, वर मातीचं माळवद, बाहेर जाड दगडी भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरग्यापलीकडे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आमची मागची भिंत फुगून बाहेर पडली. छत आलं नाही. ते भिंतीवर नव्हतंच, खांबांवर होतं, आणि खांब-तुळया कुसवांनी एकमेकांना धरून होत्या. भूकंपग्रस्त भागातही असे लाकडी खणांचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी तगले आणि दगड-मातीच्या भिंती ढासळल्या. पण भीती भिंत आणि खांब असा फरक करत नाही. दोन वर्षांनी आम्ही वाडा उतरवला, लाकूड जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला दिलं, स्लॅब टाकला.

इथे जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या अल्टाडीनात आगीने घरंच्या घरं राख झाली. उरल्या चिमण्या. त्यांच्या शेकोट्यांवर अर्नेस्ट बॅचेल्डरच्या फरशा होत्या; त्याने १९१० मध्ये पॅसाडीनात, घरामागच्या भट्टीत हे काम सुरू केलं होतं. बुलडोझर यायच्या आत स्वयंसेवक आणि गवंडी त्या एकेक सोडवत होते, घरमालकांना परत देण्यासाठी. फरशी बघितली की लोक करणाऱ्याचं नाव सांगत. इथलं याच धाटणीचं गॅम्बल हाउस दाखवताना ग्रीन बंधू या वास्तुविशारदांबरोबर, ते उभारणाऱ्या पीटर आणि जॉन हॉल या स्वीडिश भावांचीही नावं घेतात.

आमच्या वास्तुशांतीला किती पोती गहू लागला ते आजी सांगायची. वाडा कुणी बांधला विचारलं तर म्हणायची, तुझ्या खापरपणजोबांनी.

खजुरी, आळंद, उमरगा, कुठेही कुणी वाडा उतरवायला काढला असेल, तर व्यापाऱ्याच्या आधी गावातल्या सुताराच्या घरी जा. तुमच्या थोरल्यांनी कुठले कुठले वाडे केले, विचारा. नावं लिहून घ्या, आणि बसायला सांगतील तिथे बसा.