हळ्ळीखेडची येळवस

"बाबा, इथले लोकपण आमिश आहेत का?" लेकीने गाडीतून विचारलं आणि आम्ही सगळे हसलो. प्रश्न तसा खुळा नव्हता. त्याच उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला गेलो होतो. तिकीट काढून घोड्याच्या बग्गीत बसलो, खेचरं जुंपून चाललेली शेतीची कामं पाहिली. आता हैदराबादहून जहीराबादमार्गे हुमनाबादकडे निघालो, तर रस्त्याला बायकापोरांनी भरलेल्या बैलगाड्या लागत होत्या.

तारीख ३० डिसेंबर २०२४, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे हिलाच येळवस म्हणतात. कन्नडात येळ्ळ अमावास्ये, म्हणजे तिळाची अमावस्या. त्या दिवशी गावात कोणी सापडत नाही, सगळे शेतात जेवायला.

माझी थोरली आत्या हळ्ळीखेड (बी)ला दिलेली. हळ्ळी म्हणजे कन्नडात गाव, खेड म्हणजे मराठीत गाव आणि बी हा फारसीतला बुजुर्ग, आपल्या पाट्यांवरचा 'बुद्रुक'. एकाच नावात तीन भाषा! १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर मुंबई राज्यात आले आणि भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. आत्याचं माहेर निलंग्याचं. घरात मराठी, नातवंडांची शाळा कन्नड, बाजारात दखनी. शेजारच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंची पदंही मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानीत आहेत. लेकीला यात नवल वाटलं नाही. आमिशही घरात त्यांची जुनी जर्मन बोली, प्रार्थनेत ग्रांथिक जर्मन आणि बाहेर इंग्रजी बोलतात, हे तिनेच मला सांगितलं.

शेतात कडब्याची खोप उभी होती. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावला होता, ते पांडव. पूजा झाली आणि पंगत बसली. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, हे परदेशात वाढलेल्या पोरांना आधीच सांगून ठेवा! ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, चिंच घालून बेसनात शिजवलेली ती दाट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवत होते. भोवती तूर काढणीला आलेली, हरभऱ्याला घाटे लागलेले. माझ्या बायकोने तीनदा आंबील घेतली आणि मग खोपीच्या सावलीत चक्क झोपली.

खोपीमागे देवणी बैलांची जोडी बांधली होती. पांढरं अंग, तोंडाच्या बाजूला काळं. अशा रंगाला वानेरा म्हणतात, असं मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी सांगितलं. लेक त्यांना घाटे चारत बसली.

"चार बाई, चार. संक्रांतीनंतर इकायचेत," आत्या म्हणाली.

"का? आमिश लोक तर ट्रॅक्टरने नांगरत नाहीत."

आमिश कोण, हे मी आत्याला समजावलं. नवी वस्तू आली की त्यांची मंडळी बसून ठरवतात, घ्यायची की नाही. काही ठिकाणी फोनसुद्धा घराबाहेरच्या खोपटात ठेवतात.

आत्याने पदराने हात पुसले. "त्यांची लेकरं त्यांच्यापाशी ऱ्हातात का?"

"बहुतेक राहतात."

"मग त्यांचं जमतंय. हितं बैल कोन धरावं? मामाचे गुडघे गेले. एक पोरगा हैदराबादला, एक पुण्याला. तू तर दर्यापल्याड."

ती रागाने बोलली नाही, भज्जी वाढतच होती. मला मात्र घास गिळेना. लँकेस्टरला मी मित्रांना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की माणसाने परंपरा कशा जपाव्यात ते इथे पाहावं. तीस वर्षांपूर्वी मामांनी मला याच शेतात तिफण धरायला लावली होती. मी दोन तासांत हातांना फोड आले म्हणून सोडून दिली आणि अभ्यासाला बसलो.

उन्हं कलल्यावर मामांनी पिकावर आंबील शिंपडली. लेकही तांब्या घेऊन त्यांच्यामागे फिरली. तिला कन्नड येत नाही, मामांची मराठी तिला निम्मीच कळते. तरी दोघं शेताच्या पार टोकापर्यंत जाऊन आली.

फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. जोडी भालकीकडच्या एका शेतकऱ्याने नेली, चांगला माणूस आहे, म्हणाली. लेकीने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "आज्जी, जाताना त्यांना खीर दिली होती का?"