नकाशातली रिकामी जागा

वकिलीत माझ्या हातातून कायद्यांपेक्षा नकाशेच जास्त गेले. पहिला पाहिला तो तलाठ्याच्या कपाटातला, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला गावनकाशा. आजोबांचा बांधाचा वाद होता. (राजापूर तालुक्यात असा वाद नसलेलं घर दाखवा!) त्या नकाशात आमची बाग होती, पऱ्ह्या होता, पाणंद होती, सड्यावर मात्र काहीच नव्हतं. जिथे आम्ही गुरं चारली, तो सडा सातबाऱ्यावर पोटखराब. तालुक्यातल्या अशाच कातळांवरची, बारसूची आणि देवाच्या गोठण्याची खोदचित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सातबाऱ्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

पुढे पंचायत आणि पर्यावरण या दोन कायद्यांत रुळलो, तेव्हा किनाऱ्याचे नकाशे आले. १९९१ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनंतर भरतीरेषेवर माणसांची घरं ठरू लागली. चार हजारास एक या प्रमाणात रेघ एक मिलिमीटर सरकली की जमिनीवर चार मीटर जातात. आमच्याकडे तेवढ्यात पडवी आणि अर्धं अंगण बसतं. म्हातारे खलाशी भरती कुठवर येते ते पायाने दाखवत, आणि सर्वेक्षणाची रेघ भलतीकडेच असायची.

आमच्याच तालुक्यातल्या नाणारच्या वेळी तर नकाशावरूनच लढाई पेटली. वर्षाला सहा कोटी टनांची नियोजित रिफायनरी, सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक भागीदार. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. ग्रामसभेचा ठराव किती बंधनकारक, यावर वकील तासन्‌तास बोलतात, मीही बोललोय. पण तो कागद फाइलला लागतो, आणि फाइल कधीतरी कुणीतरी उघडतं.

आणि मग ओमानमधलं दुक्म. पर्यावरण परवान्यांचं काम घेऊन इथे आलो, तर समोर पुन्हा रिफायनरी! ओमान आणि कुवेतच्या भागीदारीतली, दिवसाला दोन लाख तीस हजार बॅरलची. २०२४ मध्ये उद्घाटन झालं. २०११ च्या शाही फर्मानाने आखलेलं इथलं विशेष आर्थिक क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे तीन मुंबई बसतील एवढं. जमीनवाटप, नगररचना, परवाने, सगळं एका प्राधिकरणाकडे. गट नंबर नाही, बांध नाही, ग्रामसभा नाही. काम झटपट होतं आणि वकील म्हणून मला ते आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी त्या क्षेत्राच्या नकाशातला पांढरा, रिकामा भाग मला स्वस्थ बसू देत नाही.

दुक्म ज्यात येतं त्याच अल वुस्ता प्रांतात, आतल्या जिद्दत अल हरासीसच्या माळावर अरबी ओरिक्सचं अभयारण्य आहे. रानातून नामशेष झालेलं हे पांढरं, लांब शिंगांचं जनावर १९८२ मध्ये तिथे पुन्हा सोडलं, आणि राखणीला हरासीस टोळीचेच लोक नेमले. माळ त्यांच्याइतका कुणाला माहीत? १९९४ ला ते अभयारण्य जागतिक वारसा झालं. मग चोरट्या शिकाऱ्यांनी कळप ओरबाडले. २००७ मध्ये सरकारने तेल-वायूच्या शोधासाठी अभयारण्याचं नव्वद टक्के क्षेत्र हद्दीबाहेर काढलं, आणि युनेस्कोने ते नाव यादीतून वगळलं. यादीतून नाव जाण्याची ती पहिलीच वेळ.

समुद्राकडेही तेच. ओमानच्या किनाऱ्यालगतचे हंपबॅक देवमासे इतरांसारखं स्थलांतर करत नाहीत. शंभराच्या आत उरले असावेत असा अंदाज आहे. मसिरा आखातात त्यांचा नेहमीचा वावर. नकाशात तिथे नुसता निळा रंग.

म्हणून नव्या फाइलवर मी पहिल्यांदा पांढऱ्या-निळ्या भागाबद्दल विचारतो. उंट कोण चारतं, जाळं कोण टाकतं, वाळवंटात पाऊस झालाच तर पाणी कुठून वाहतं? तरुण इंजिनियर म्हणतात, "सर, उपग्रहाच्या चित्रात तर काहीच दिसत नाही." मी त्यांना जनेबी टोळीच्या मच्छीमारांकडे पाठवतो. दुभाषा लागतो, एक दिवस मोडतो, वेळापत्रक लांबतं. अशील कुरकुरतात, फी मात्र बुडवत नाहीत.