मडक्याचं तोंड खाली

ठाण्यातल्या कोलशेतला मी गेलो तो वाद घालायलाच. मावसभाऊ ह्यूस्टनहून पंधरा दिवसांसाठी आला होता, आणि आपल्याकडे बार्बेक्यू नावाची गोष्टच नाही, आहे ते नुसतं ग्रिलिंग, असं त्यानं मला फोनवर ऐकवलं होतं. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी डोंबिवलीहून निघालो. कापूरबावडीच्या गर्दीबद्दल नवं लिहिण्यासारखं काही नाही.

मावशीच्या विसाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाडी आणि पलीकडची भिवंडीची गोदामं दिसतात. तिथं चहा पिताना त्यानं मला टेक्सास समजावलं. लाकडाचा धूर, मंद आच, गाईच्या छातीचं मांस आणि दहा-बारा तासांची राखण. गॅस पेटवला की संपलं. उत्तर कॅरोलायनात डुक्कर आणि व्हिनेगर. त्यातही पूर्वेकडचे अख्खं डुक्कर लावतात, पश्चिमेकडचे खांद्याचं मांस घेतात, आणि दोघं एकमेकांना खिजगणतीत धरत नाहीत. कॅन्सस सिटीचे लोक वर गोडसर, दाट सॉस ओततात म्हणे. तिथं माझं मन उडालं.

मी सोलापूरकडचा, हुरड्याच्या आगटीपाशी वाढलेला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीचं कणीस खुपसायचं, तापलं की हातावर चोळायचं. विस्तव पदार्थाला लागला पाहिजे, एवढीच माझी अट. म्हणूनच मागच्या वर्षी वलसाडकडे महामार्गावर उबाडियुं खाल्लं, तेव्हा पापडी आणि कंद आवडूनही मी मनात गुण कापले होते: सगळं मडक्यात, आगीचा स्पर्श कुठंच नाही.

वाद रंगात आला आणि मावशी म्हणाली, "दोघं खाली जा. माझी कोळीण गावात पोपटी लावतेय, तुम्हालाही बोलावलंय."

टॉवरच्या फाटकापासून गावठाण दहा मिनिटांवर. इथं पूर्वी रासायनिक कारखाने होते, आता त्या जमिनींवर मजले चढलेत. गावठाणातल्या गल्ल्या मात्र अजून दोन माणसं शेजारी चालतील एवढ्याच. खाडीलगतच्या मोकळ्या तुकड्यावर सात-आठ माणसं जमली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला. तो हातात चुरडला तर उग्र, औषधी वास आला. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मग बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मग मडकं जमिनीवर उपडं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या. काडी लागताच भडका एवढा उठला की आम्ही दोघं मागं सरलो.

"पण मावशी," भाऊ कोळिणीला म्हणाला, "धूर आत जात नाही. हे तर वाफवणं झालं."

"पानी कुठं टाकलाय?" तिनं विचारलं. "पानी टाकला का ती भाजी झाली. तेल बी नाय. शेंगंचा पानी शेंगंला पुरतो."

माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तुमचा काय म्हनना?" मी विस्तवाच्या स्पर्शाचं सांगितलं. ती हसली. "मंग कोलसाच खावा."

अर्ध्या-पाऊण तासानं तिनं ओंजळीतलं पाणी काळ्या मडक्यावर शिंपडलं. ते चर्र करून क्षणात उडालं. पोपटी झाल्याची हीच खूण. आख्ख्या प्रकारात पाणी वापरलं ते एवढंच, आणि तेही बाहेरून.

पाला ओढताच जो वास सुटला तो ना धुराचा, ना मसाल्याचा. शेंगा खाकी पडून मऊ झालेल्या. दातांत धरून ओढल्या की दाणे सुटतात, किंचित कडसर, मागून गोड. अंड्याचा पांढरा भाग बदामी झालेला आणि त्यातही ओवा. कोंबडी चांगली होती. पण खरं सांगायचं तर शेंगांपुढे मी तिला पाहुणी समजलो. भावानं सव्वा तास एक शब्द काढला नाही. परतताना फोनवर शोधून म्हणाला, बार्बेक्यू हा शब्द बार्बाकोआवरून आला. कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांत ती काठ्यांची मचाण असे, आणि मेक्सिकोत आज त्याच नावानं मांस खड्ड्यात, घायपातासारख्या मगेयच्या पानांत झाकून शिजवतात.

"म्हणजे पाला आणि वाफ," मी म्हणालो. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं.

रविवारी आम्ही काहीच केलं नाही. सोमवारी तो गेला.

कोलशेतला आता वालाची शेती नाही. त्या शेंगा रायगडातून, पेणकडून आल्या होत्या. पोपटी खायला जायचं असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत जा. पुढं शेंगा जून होतात आणि भांबुर्डा वाळून जातो.