नातीची शिकवणी

शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेल्या माणसास पुन्हां विद्यार्थी होण्याचा योग क्वचितच येतो. मला तो यंदाच्या उन्हाळ्यांत आला. नंदुरबारच्या उन्हांत दुपारीं घराबाहेर पडण्याची सोय नसते. सुटींत आलेली माझी दहा वर्षांची नात ओसरीवर बसून इंग्रजी कादंबरी वाचूं लागली, आणि मॅट्रिकपुरतें इंग्रजी शिकलेला मी कोश घेऊन तिच्या शेजारीं बसलों.

पुस्तक होतें रोलिंगबाईंचें, १९९७ सालीं प्रसिद्ध झालेलें. हॅरी पॉटर नांवाच्या पोरक्या मुलाची व त्याच्या जादूच्या शाळेची ही पहिली कथा. प्रथम ‘मगल’ या शब्दानें मला अडविलें. माझ्या जुन्या कोशांत तो सांपडेना. “आजोबा, ज्याला जादू येत नाहीं तो मगल,” नात हंसून म्हणाली, “म्हणजे तुम्ही!” या शब्दास ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशांत २००३ सालीं जागा मिळाली, हें मला मागाहून कळलें.

पुढें पीस हवेंत उचलण्याचा मंत्र आला : ‘विंगार्डियम लेव्हिओसा’. तो वाचतांच मी थबकलों. लॅटिनमधील ‘लेव्हिस’, म्हणजे हलका, हा आमच्या ‘लघु’चाच सगोत्र. त्यावरून अधांतरीं उचलणें या अर्थाचा ‘लेव्हिटेट’ हा इंग्रजी शब्द मला कोशावांचून उमगला. मोठ्या आनंदानें मीं मंत्र म्हटला, तों नात म्हणाली, “असं नाहीं आजोबा, ‘गार’ लांबवा.” कथेंतील हर्मायनीही आपल्या सोबत्यास हेंच बजावते. तेथील गुरुजी तर एका अक्षराच्या चुकीनें छातीवर रानरेडा येऊन बसल्याची गोष्ट सांगतात. मला आपली इंद्रशत्रूची कथा आठवली. त्वष्ट्यानें इंद्रास मारणारा पुत्र मागितला. परंतु स्वर चुकला, आणि तो वृत्रच इंद्राच्या हातून मारला गेला. ही कथा मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली होती, आणि ती सांगूनच छडीही उगारली होती.

त्यांतील एक प्रसंग अद्याप बोंचतो. घरीं अहिराणी बोलणारा एक मुलगा ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाची. मीं त्याला सर्वांदेखत उभें केलें, आणि तो शब्द शंभर वेळां लिहावयास लाविला. त्यानें तो शुद्ध लिहिला. परंतु त्या वर्षांत तो पुन्हां मोठ्यानें वाचावयास उठला नाहीं. वाचकहो, मूळ संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यांत ‘न’च आहे! ज्या भाषेच्या अभिमानानें मीं छडी उगारली, ती भाषा त्या मुलाच्या बाजूनें उभी होती, आणि मला तें दिसलें नाहीं. मराठी लेखनांत ‘पाणी’च लिहावें, हें खरें, पण त्याच्या घरचा शब्द हा कांहीं अपराध नव्हता.

नातीनेंही माझी चूक काढलीच. परंतु लगेच पान उलटलें, कारण पुढें काय होतें हें जाणण्याची आम्हां दोघांनाही घाई होती. त्या घाईंतच शब्द मनांत बसले. त्या मुलासाठीं मीं पुढचें पान कधीं उलटलेंच नाहीं.

नात परत गेली. पुस्तक मात्र येथेंच ठेवून गेली. उरलेलीं प्रकरणें मी दुपारीं मोठ्यानें वाचतों, चुकत चुकत. तो मुलगा आतां संसारी गृहस्थ झाला असेल. भेटला, तर त्याच्याकडे घोटभर ‘पानी’ मागेन.