जून भेंडी आणि पांढरा दोरा

आमच्या गावातल्या इंडियन ग्रोसरीत मी भेंडी निवडायला लागले, की काउंटरवरचे भाई माझ्याकडे जरा काळजीने बघतात. बाकीच्या बायका शेंडा मोडून कोवळी भेंडी घेतात आणि मी नेमकी जून, निबर, टोपलीच्या तळाशी राहिलेली वेचून काढते. एकदा त्यांना राहवलं नाही. "बेन, ताजा माल कल आयेगा," म्हणाले. मी म्हटलं, "भाई, खाने की नहीं है, कपडे पे छापनी है." त्यानंतर ते काही विचारत नाहीत, फक्त पैसे कमी लावतात.

भेंडी आडवी कापली की तिचं पाच पाकळ्यांचं फूल होतं, हे मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. चित्रकलेच्या तासाला भेंडीचे, बटाट्याचे ठसे आपण सगळ्यांनीच उठवले आहेत. मी मात्र तेवढ्यावर न थांबता आईच्या स्वच्छ पांढऱ्या रुमालावर जलरंगाने भेंडीची फुलं उठवली होती. आई मिरजेच्या एका शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे ओरडण्याऐवजी तिने रुमाल वाळवला आणि दुसऱ्या दिवशी धुतला. फुलं पाण्याबरोबर वाहून गेली. "पुढच्या वेळी आधी मिठाच्या पाण्यात घालू," एवढंच ती म्हणाली. नवी साडी, नवं परकराचं कापड, काहीही रंगीत घरात आलं की पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजायचं, हा आमच्या घरचा कायदा होता. तुमच्याही घरचा असेल.

ते वाहून गेलेलं फूल पुन्हा आठवलं ते मिशिगनला आल्यावर, २००९ च्या हिवाळ्यात. बाहेर बर्फ, मुलगी शाळेत, आणि हातांना काहीतरी चाळा हवा होता. दुकानातून एक पांढरा टेबलक्लॉथ आणला, डाकेने रंगाची पूड मागवली आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. चार तासांनी धुतला तर टेबलक्लॉथ जसाच्या तसा पांढरा! माझी बोटं तेवढी आठवडाभर जांभळी होती. ऑफिसात एकाने विचारलंसुद्धा, दारात बोट चेमटलं का म्हणून.

तेव्हा पहिला धडा मिळाला. आपल्याला "पांढरं कापड" दिसतं, पण रंगाला ते दिसत नाही. त्याला दिसतो धागा. हे रंग सुती कापडासाठी असतात आणि माझा टेबलक्लॉथ होता शंभर टक्के पॉलिएस्टर. पॉलिएस्टरला वेगळे रंग लागतात आणि तेही भरपूर उष्णतेत. तेव्हापासून मी कापडाचा एक दोरा काढून जाळून बघते. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. यजमानांना हे घर पेटवण्याचे प्रयोग वाटतात, म्हणून ते ऑफिसला गेल्यावरच करते.

दुसऱ्या खेपेला कापड शुद्ध सुती होतं, पण मी एप्रिलमध्ये थंडगार गॅरेजमध्ये बादली ठेवली. रंग लागला आणि धुताना निम्मा निघून गेला. या रंगांना उकळावं लागत नाही हे खरं, पण निदान एकवीस अंश सेल्सिअस, म्हणजे आपलं इथलं सत्तर फॅरनहाइट, एवढी ऊब लागतेच. मिरजेत एप्रिलमध्ये हा प्रश्न पडला नसता!

या रंगांची गोष्ट मला फार आवडते. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि हाताला लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, आयसीआय या इंग्लिश कंपनीने प्रोशिऑन नावाचे रंग बाजारात आणले. आधीचे बरेच रंग सुताला नुसते चिकटून बसत; हे रंग सुताशी रासायनिक बंधच जोडतात. त्यासाठी लागतो सोडा, म्हणजे आपला धुण्याचा सोडाच. मीठसुद्धा लागतं. मिठामुळे पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलला जातो, पण त्याला धाग्याशी बांधतो तो सोडा. म्हणजे आईचं मीठ अगदीच खोटं नव्हतं. ते रंगवताना हवं, नंतर घालून फारसा उपयोग नाही.

ठसे उठवायचे तर रंग पातळ चालत नाही. समुद्री शेवाळापासून काढलेली अल्जिनेटची पूड पाण्यात फेटून तिची खळ करायची आणि त्यात रंग कालवायचा. कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून वाळवून ठेवायचं. भेंडी कापून पेपर टॉवेलवर थोडा वेळ पालथी ठेवायची, नाहीतर तिचा चिकटपणा फुलाच्या कडा खातो. कोवळी भेंडी दाबली की चेपते, म्हणून जून हवी. छापल्यावर कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर उबेला ठेवायचं, कारण कोरडं पडलं की रंगाचं काम थांबतं. एक सूचना मात्र आवर्जून करते. रंगाची पूड उडते, तोंडाला मास्क लावा, आणि रंगाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. गुजरातमधल्या पेथापूरचे सागवानी ठसेही माझ्याकडे आहेत, इतके बारीक कोरलेले की हातात घेतले तरी छाती दडपते. पण मुलीला भेंडीच आवडते. "आई, इट इज फ्री," असं तिचं त्यावरचं कलाविषयक मत आहे.

आता तो प्रसंग सांगायलाच हवा, कारण तुमच्यापैकी काहींच्या कुडत्यांवर अजून त्याच्या खुणा असतील. २०१४ च्या गणेशोत्सवात आपल्या लेझीम पथकाचे अठरा फेटे मी घरी रंगवले होते. केशरी रंग असा सुरेख उतरला होता की मी स्वतःवरच खूश होते. पण या रंगाचा जो भाग धाग्याशी बांधला जात नाही, तो धुऊन काढावा लागतो. आधी गार पाण्याने आणि मग चांगल्या गरम पाण्याने, निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. बारा फेट्यांनंतर आमच्या घरातलं गरम पाणी संपलं आणि मी उरलेले सहा गारच पाण्यातून काढले. कुणाला कळणार आहे? शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये मिरवणूक निघाली आणि दहाव्या मिनिटाला पाऊस आला. सहा जणांच्या कपाळांवरून केशरी ओघळ निघाले आणि पांढऱ्याशुभ्र कुडत्यांवर उतरले. एक काका म्हणाले, "वा, यंदा गणपतीतच रंगपंचमी!" सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन रडले.

त्या रात्री आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिठाच्या पाण्यात घातले होतेस का?" मी तिला मीठ, सोडा, धागा, बंध असं सगळं शास्त्र समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "असेल. पण घातले होतेस का?"

आई २०१८ साली गेली. तिच्या कपाटातून मी एकच साडी मागून घेतली. बारीक निळ्या काठाची, पांढरी, सुती. आम्ही तिला झेंडावंदनाची साडी म्हणायचो. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, वर्षातून दोनदा कडक खळ करून, इस्त्री करून ती निघायची. तिच्या दोन ओढण्या करायच्या, एक मुलीला आणि एक वहिनीला, असं मी ठरवलं. पांढरी ओढणी मुलगी घेणार नाही, म्हणून गडद निळी करायची. दादा फोनवर म्हणाला, "आईची साडी आहे, प्रयोग करू नकोस." मी त्याला चिडूनच सांगितलं, की नऊ वर्षांत मला एवढं कळतं.

पदराच्या टोकाचा दोरा काढून जाळून पाहिला. शुद्ध सुती. खळ आणि नीळ काढायला ती गरम पाण्यात सोडा घालून ठेवली, तर चहासारखं पाणी निघालं. मग तीन गॅलन पाणी, तीन कप मीठ, रंग, आणि अर्ध्या तासाने सोडा. तासभर सतत हलवत राहिले, फेट्यांची आठवण ठेवून पाच वेळा धुतली, आणि बेसमेंटमध्ये दोरी बांधून पसरली.

निळ्यावर पांढरे ठिपके दिसले. पहिल्यांदा वाटलं, कुठेतरी गाठ राहिली असेल आणि तिथे रंग पोचला नसेल. चष्मा लावून जवळ गेले. ते टाके होते. खालच्या काठाला, जिथे चपलेचा अंगठा अडकतो तिथे, ओळीने. खांद्यावर जिथे ती पिन लावायची तिथे, जाळीसारखा रफू. गुडघ्याच्या उंचीला बोटभर लांब दोन. पांढऱ्या साडीवर पांढऱ्या दोऱ्याने इतके सफाईने घातलेले, की साडी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला एकही दिसला नव्हता. मी मोजले, तेवीस होते.

दोरा मी ओळखला. आईने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नाही. एकदाच, २००१ साली, आम्ही भारतात निघालो होतो तेव्हा फोनवर चाचरत म्हणाली, "जमलं तर तिकडचा पांढरा शिवणाचा दोरा आण. इथला तुटतो." मी डझनभर रिळं नेली. पॉलिएस्टरची. त्याआधी घातलेले सुती दोऱ्याचे टाके असतील तर ते साडीबरोबर निळे होऊन गेले होते. दिसत होते ते सगळे २००१ नंतरचे, म्हणजे ती निवृत्त झाल्यानंतरचे, जेव्हा झेंडावंदनाला जायचं कारणच उरलं नव्हतं.

आणि त्या सगळ्या वर्षांत मी दर दिवाळीला पैसे पाठवत होते आणि सांगत होते, "आई, चांगल्या साड्या घे." ती म्हणायची, "घेतली गं, दोन घेतल्या."

वहिनींना फोन लावला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, घरात रोज तीच नेसायच्या. तू पाठवलेल्या पैशांच्या साड्या आणायच्या खऱ्या, पण त्या कामाच्या बाईच्या मुलीच्या लग्नात, शेजारच्या डोहाळजेवणात, अशा देऊन टाकायच्या. तुला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"वहिनी, तुम्ही तरी सांगायचं."

"सांगून काय केलं असतंस? आणखी पैसे पाठवले असतेस."

साडी आठ दिवस तशीच दोरीवर होती. मुलीने विचारलं, हे पांढरं काय आहे. मी सांगितलं. ती एकेका टाक्यावरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ओढण्या करूया, पण हे झाकायचं नाही. साडेपाच वारांतून अडीच-अडीच वारांच्या दोन ओढण्या निघाल्या. गडद कापडावर चालणारा जाड पांढरा रंग आणला, भाईंकडून जून भेंडी आणली. मुलीने टाके चुकवत चुकवत फुलं उठवली. गुडघ्याजवळच्या दोन रफूंच्या आसपास तर तिने काहीच छापलं नाही. तिथे नुसता निळा तुकडा आहे.

वहिनींची ओढणी एका मैत्रिणीच्या हाती मिरजेला पाठवली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी घाईघाईने सांगितलं, "वहिनी, रंग पक्का आहे, बिनधास्त धुवा."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मी सकाळीच मिठाच्या पाण्यात घातली."