पावसाची सावली

भूगोलाच्या पुस्तकात काही शब्द असे भेटतात, की ते परीक्षेपुरते पाठ करून सोडून द्यावेत असे वाटत नाही. ‘पर्जन्यछाया’ हा त्यांपैकी एक. छाया म्हटले की आपल्याला वडाचे झाड आठवते, पारावर टेकलेला वाटसरू आठवतो. पण ही छाया विसाव्याची नव्हे. उन्हाच्या वाटेत झाड उभे राहिले म्हणजे जिथे ऊन पोचत नाही ती उन्हातली सावली. तसाच पावसाच्या वाटेत डोंगर उभा राहिला म्हणजे त्याच्या पाठीमागे जिथे पाऊस पोचत नाही, तो मुलूख म्हणजे पावसाची सावली. आपल्या महाराष्ट्रात ती एका दिवसात, एस.टी.च्या खिडकीतून पाहता येते.

जुलै महिना सरत आला होता. लोक ज्याला म्हातारा पाऊस म्हणतात, त्या पुष्य नक्षत्राचे ते दिवस. कामानिमित्त मला कोकणातील पोलादपुराहून माण तालुक्यातील दहिवडीच्या बाजूला जावयाचे होते. पोलादपूर सोडले तेव्हा पाऊस पडत होता, पण तो कोकणातला नेहमीचा पाऊस. भाताची लावणी चालली होती. डोक्यावर इरली घेतलेल्या बाया चिखलात ओळीने वाकल्या होत्या. हवा उबदार आणि इतकी दमट, की सदरा पावसाने भिजला की घामाने, हे सांगता येऊ नये.

पुढे आंबेनळीचा घाट सुरू झाला. गाडी एकेक वळण घेत वर चढू लागली, आणि आमच्याबरोबर वाराही चढू लागला. दर वळणावर एक नवा धबधबा. काही ठिकाणी तर वाऱ्याच्या झोताने धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी पुन्हा वर फेकले जात होते. महाबळेश्वर आले तेव्हा आम्ही ढगाखाली नव्हतो, ढगातच होतो. दहा पावलांवरचे दुकान दिसेना. घरांच्या भिंतींना पाऊस लागू नये म्हणून बाहेरून आच्छादने बांधलेली होती. अंगात हुडहुडी भरली. दीड-दोन तासांपूर्वी ज्या हवेत मी घामाघूम झालो होतो, तीच हवा येथे मला कापरे भरवीत होती.

तीच हवा, असे मी मुद्दाम म्हणतो. कारण या विषयाचे सारे मर्म त्यातच आहे. ‘डोंगराने ढग अडविले’ असे आपण सहज बोलून जातो. मला ते वाक्य फारसे पसंत नाही. डोंगर म्हणजे काही ढगांना थोपविणारा शिपाई नव्हे. वारा अडत नाही; तो चढतो. अरबी समुद्रावरून येणाऱ्या नैऋत्य वाऱ्यापुढे सह्याद्रीची भिंत येते, तेव्हा त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते. आणि फुगणारी हवा थंड होते. सायकलच्या ट्यूबमधील कोंडलेली हवा सोडली म्हणजे ती बोटाला गार लागते, हे तुम्ही अनुभविले असेल. आता, ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. तीच २० अंशांवर जेमतेम १७ ग्रॅम. मग वाफेने भरलेली हवा चढता चढता थंड झाली, की तिला आपले ओझे टाकावेच लागते. हवेत तरंगणाऱ्या धुळीच्या आणि समुद्री मिठाच्या कणांवर त्या वाफेचे थेंब धरतात, थेंबांचे ढग होतात, आणि महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो.

नुसत्या आकड्याने काही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. म्हणजे महाबळेश्वरी एका पाटावर बसण्याइतक्या नव्हे, पण चटईएवढ्या जागेवर वर्षात साडेपाच हजार लिटर पाणी पडते. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तो लागणार आहे.

महाबळेश्वराहून पाचगणी वीस किलोमीटरांच्या आत. उंचीतही फारसा फरक नाही. एक समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर, तर दुसरी सुमारे १,३०० मीटर. तेव्हा दोन्हीकडे सारखाच पाऊस असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु पाचगणीचा पाऊस महाबळेश्वराच्या एकतृतीयांशाच्या आसपास! गाडी पाचगणीला पोचली तेव्हा धुके विरले होते आणि बारीक भुरभुर तेवढी चालू होती. वारा येथे माथा ओलांडून आलेला असतो. त्याचे बहुतेक ओझे माथ्यावरच उतरलेले, आणि आता तो उताराला लागलेला. उतरणारी हवा दाबली जाते, आणि दाबली गेलेली हवा तापते; पंप मारताना त्याचे टोक गरम होते ना, तसेच. तापलेल्या हवेत उरलेसुरले ढगही विरघळू लागतात. पसरणीचा घाट उतरून वाईला आलो, तर रस्ता कोरडा! तेथल्या पावसाचा आकडा हजाराच्याही आत येतो. मागे वळून पाहिले. डोंगरावर काळ्याभोर ढगांची उशी तशीच ठेवलेली होती, आणि इकडे कृष्णेच्या घाटावर लख्ख ऊन पडले होते.

पाऊस लहरी असतो, असे म्हणतात. ते खरेही आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३! अशी लहर पुन्हा केव्हा येईल, हे कोणी सांगावे? पण सह्याद्रीच्या पाठीमागची ही सावली लहरीची नव्हे. ती दरवर्षी त्याच जागी पडते. डोंगर हालत नाही, म्हणून सावलीही हालत नाही.

सातारा, कोरेगाव, पुसेगाव अशी गावे मागे पडली. हिरवा रंग फिकट होत होत शेवटी नाहीसाच झाला. बाभळी, बोरी, उघडे माळ, आणि माळावर मेंढरांचे कळप. वर ढग होते. पांढरे, हलके, घाईघाईने पूर्वेकडे निघालेले. वाराही सोसाट्याचा. मात्र पावसाचा टिपूस नाही. दहिवडीच्या पुढे एका वाडीत मी ज्यांच्याकडे गेलो, त्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दारातच म्हटले, “या पाव्हणं, आधी पाणी घ्या.” तांब्या हातात घेतला, आणि मघाचा हिशेब आठवला. या मुलखात वर्षाला पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. तीच चटईएवढी जागा, पण पाणी पाचशे लिटर. महाबळेश्वराच्या अकराव्या हिश्श्याइतके. तांब्यातले पाणी मी तळापर्यंत प्यालो.

माझी छत्री ओसरीवर निथळत होती. घरातील लहान मुलगा तिच्याभोवती फिरून पाहत होता. “कुठं भिजली ही?” त्याने विचारले. “महाबळेश्वरी, सकाळी,” मी म्हटले. त्याने आजोबांकडे पाहिले. मी थट्टा करीत आहे, असे त्याला वाटले असावे.

दुपार कलल्यावर म्हातारबाबा मला रानात घेऊन गेले. कोपऱ्यात पाभर उभी होती. बाजरीचे बियाणे घरात आणून ठेवलेले. चार दिवसांपूर्वी एक सर येऊन गेली होती, आणि पेरावे की थांबावे हा प्रश्न होता. पेरले आणि पुढे पाऊस आला नाही, तर बियाणे मातीत जाणार. थांबले आणि पाऊस आला, तर हंगाम हातचा जाणार. त्यांनी वाकून माती उकरली आणि त्या खळग्यात बोटे घालून ओल पाहिली. वेधशाळेतील पर्जन्यमापक आभाळातून किती पडले ते सांगतो. ही बोटे जमिनीत किती मुरले ते सांगत होती.

“दोन बोटं,” ते म्हणाले. “चार पायजेत.”

१९७२ च्या दुष्काळात ते आपल्या वडिलांबरोबर खडी फोडायला जात. ती हकिगत त्यांनी दोन वाक्यांत संपविली. मेंढरांविषयी मात्र ते भरभरून बोलले. इकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात; कारण सदा ओल्या रानात मेंढराचे खूर कुजतात. म्हणजे जो पाऊस नाही म्हणून माणूस हळहळतो, तो नाही म्हणूनच मेंढरू येथे सुखाने राहते. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते.

“मग तुमच्याकडे पाऊस येतो तरी केव्हा?” मी विचारले.

“आमचा पाऊस डोंगराकडनं न्हाई येत,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोंगराकडे पाठ करून पूर्वेकडे हात केला. “तिकडनं येतो. उत्तरा, हस्त लागली की बघा. गडगडत, इजा पाडत येतो. त्यावर आमचा शाळू.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सप्टेंबरात नैऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. बंगालच्या उपसागरावरून येणारी ओलसर हवा मग सह्याद्रीला वळसा न घालता पूर्वेकडून पठारावर पोचते, आणि तापलेल्या जमिनीवर उंच गडगडाटी ढग बांधते. जून-जुलैत कोरडा राहिलेला हा मुलूख वर्षातले बरेचसे पाणी त्या दोन महिन्यांत मिळवितो.

म्हातारबाबांनी उकरलेली माती पायाने पुन्हा लोटली. परतताना त्यांनी पाभर उचलून गोठ्याच्या आढ्याखाली टेकवून ठेवली. बियाण्याचे पोते मात्र त्यांनी आत नेले नाही. दाराशीच, हाताला येईल असे राहू दिले. अंधार पडल्यावर ओसरीवर घोंगडी अंथरून आम्ही बसलो. वारा तसाच वाहत होता, आणि पश्चिमेला, फार दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर वीज चमकत होती. तिचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.